पहिला रोडगा

उमाळ्यांच्या घरातला पुरुष कणकेला हात लावतो तो फक्त मुलगा मागायला.

एरवी पाण्याचा गिलास स्वतः भरून प्यायचा नाही, ही या घराण्याची रीत. पण मारोतीला नातवासाठी नवस बोलला, की एक शनिवार धरायचा, संत्र्याच्या वाडीतल्या मारोतीच्या देवळासमोर गोवऱ्या पेटवायच्या आणि घरातल्या झाडून साऱ्या पुरुषांनी कणकेचे जाड रोडगे भाजायचे. बायकांनी पिठाला बोट लावायचं नाही. पहिला रोडगा ज्या सुनेसाठी नवस, तिच्या ओटीत पडणार. तो पडला की शेवटची पंगत उठेपर्यंत तिनं जागचं हलायचं नाही. हलली तर देव परत जातो, असं घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याचे, उत्तमरावांचे, आजोबा सांगून गेले होते. देव परत जाऊन कुठं बसतो, ते सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

या शनिवारी जागचं हलायचं नव्हतं ते धाकट्या सुनेनं, पूनमनं. आणि याच शनिवारी चार वाजायच्या आत तिला वाडीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत चढायचं होतं.

गाडी म्हणजे फिरता दवाखाना. सातासमुद्रापलीकडच्या एका देशाच्या पैशानं ती दर पंधरवड्याला उमरदरीत येऊन शाळेपाशी उभी राहायची. पाळी, पाळणा, अंगावरून जाणं, जे बायका सख्ख्या आईलाही सांगत नाहीत ते गाडीतल्या डॉक्टर मधुवंतीला सांगायच्या. मधुवंती पुण्याची. तिचं गावात कुणी सोयरं नव्हतं, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. सरकारी दवाखाना होता, फुकट होता, चांगलाही होता. पण तिथं घेऊन जाणार आशाताई, आणि उमरदरीची आशाताई म्हणजे कोकिळा, पूनमच्या सासूच्या, शालूबाईंच्या, सख्ख्या बहिणीची पोरगी. कोकिळाला सकाळी कुणी पोटातलं सांगितलं तर दुपारी ते सोनाळ्याच्या बाजारात भाजीवाल्यालाही ठाऊक असायचं.

म्हणून पूनम तीन वर्षं या गाडीत जाऊन तीन महिन्यांचं इंजेक्शन घेत होती. दुसऱ्या मुलीच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं, की अकोल्याला पोचेपर्यंत नवऱ्यानं, गोविंदानं, दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. "तिसरं नको. ही वाचायची नाही," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ते तिच्या नवऱ्यानं ऐकलं, सासूनं ऐकलं आणि सासऱ्यानंही ऐकलं. पण उत्तमरावांचं म्हणणं, "डॉक्टर लोक भेव दाखवतेच. ट्रॅक्टरचा मिस्त्रीबी म्हने इंजन गेलं. चालूनच राह्यलं ना मंग?"

तर इंजन चालत असूनही तीन वर्षं पाळणा हलेना, म्हणून म्हाताऱ्यानं नवस बोलला. आणि गुरुवारी मधुवंतीचा फोन आला.

"पूनम, शनिवारची फेरी शेवटची. तिकडून पैसे बंद झालेत. इंजेक्शन आता मिळणार नाही. तांबी बसवून घे, दहा वर्षं बघायला नको. चारच्या आत ये मात्र. चारला गाडी निघाली की ती आपली नाही."

*

उत्तमरावांच्या थोरल्या मुलाला, गोपालला, यातलं काही माहीत नव्हतं. काही माहीत नसणं हा थोरल्या उमाळ्याचा हुद्दाच होता. 'समता ग्रामविकास मंडळा'चा तो अध्यक्ष. गाडी गावात फिरायची ती या मंडळाच्या नावावर. उपाध्यक्ष उत्तमराव. महिला सक्षमीकरण समितीचा प्रमुख गोविंदा. कारण बायकांना मीटिंगला बसायला फुरसत नसे, त्या त्यावेळी मीटिंगचा चहा करत.

परदेशातून पैसे धाडणाऱ्या संस्थेच्या इंग्रिडबाई स्वतः येणार म्हटल्यावर गोपालनं ओळखलं, की आता नवीन गाडी मिळते, नाहीतर इमारत. बाईंना जेवायला काय घालावं? शनिवारी रोडगे होणारच होते. एका जाळावर देवही भाजून निघेल आणि पाहुणीही, असा हिशोब करून त्यानं बाईंना कळवलं, की आमच्याकडे शनिवारी स्वयंपाक पुरुष करतात.

"खोटं नाई त्याच्यात काई," तो बायकोला म्हणाला.

वंदना लिंबाच्या सावलीत हात बांधून बसली होती. नवसाच्या दिवशी बायकांना तेवढंच काम. "खोटं काऊन असीन? करूनच राह्यले ना. मीठ कोनत्या डब्यात आहे, इतकं इचारायले फक्त तिघंजन येऊन गेले."

"तू पाहुन्यांसमोर तोंड बंद ठेव. अन् म्याडमनं इचारलं का या घरात सुनेले किती हक्क आहे, तं काय सांगशीन?"

"सांगीन, का आज पिठाले हात लावाचाबी हक्क नाई."

"वंदे!"

"बरं बाप्पा. भरपूर हक्क आहे म्हनीन. ठेवाले जागा नाई म्हनीन."

वंदनाला या घरात बोलायची मुभा होती, कारण तिला पहिल्याच खेपेला मुलगा झाला होता. दीपक आता पुण्यात इंजिनीअरिंग शिकत होता आणि त्याच्या पुण्याईवर त्याची आई वीस वर्षं टोमणे मारत होती. धाकट्या जावेची तिला दया यायची आणि रागही. दया दोन मुलींची. राग याचा, की पूनम दर तीन महिन्यांनी नटून-थटून 'माहेरचा फोन आला' म्हणत गोविंदाच्या गाडीवर बसायची, आणि तिचं माहेर नांदुऱ्याला असताना गाडी वळायची शाळेकडं. वंदनानं हे पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते तिलाच नीट माहीत नव्हतं.

आता ती उठता उठता पोटाखाली हात धरून क्षणभर थांबली, मग पदर सावरून परत बसली. गोपालनं ते पाहिलं नाही. तो मंडळाचा स्वागताचा फ्लेक्स सरळ करत होता.

*

गोविंदा परातीशी उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत कणीक. पूनम मागून येऊन उभी राहिली.

"अहो."

"मळून राह्यलो ना मी."

"कायच्यासाठी मळून राह्यले?"

"मारोतीसाठी."

"मारोतीले लेकरू पाह्यजे काय?"

गोविंदानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल ना व. बाबा अठीच हायेत."

"तीन वर्सं मले गाडीवर बसवून कोन नेते इंजेक्शनले? तुमी. सुई टोचेपर्यंत बाहेर कोन उभं राह्यते? तुमी. अन् मामाजी नवस बोलले तवा बाजूले कोन बसलं होतं?"

"मीच होतो."

"मंग तवा तोंडात काय होतं?"

"पुडी होती," गोविंदा खरं बोलला.

पूनमला हसू आलं आणि त्याच हसण्याचा तिला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "हसाचं काम नाई हे. तुमी महिला समितीचे प्रमुख हायेत ना? प्रमुखसाहेब, आज ते बाई गेली तं पुन्हा येनार नाई. तांबी आज बसली नाई तं कोकिळाताईसंग जा लागीन. अन् कोकिळाताईले समजलं का मामाजीले समजलं. मामाजीले समजलं का मंग मले दिवस जाईपर्यंत तुमचा बाप दारात खाट टाकून बसीन. अन् दिवस गेले, का मी गेली. पोट्ट्यायले कोन पाह्यनार? तुमी? भात कसा शिजते माहीत आहे काय?"

"रोडगे येते मले," गोविंदा पुटपुटला.

"मंग भाजा. माह्या तेराव्यालेबी तुमीच भाजा."

ती गेली. गोविंदानं कणकेत पाणी घातलं. जास्त झालं. पीठ घातलं. ते जास्त झालं. बापाला एक शब्द सांगायचा, 'बाबा, नको', एवढंच. तो शब्द त्याच्या तोंडात तीन वर्षं पुडीसारखा गालाला चिकटून होता; थुंकायला जागा सापडत नव्हती.

*

इंग्रिडबाई आल्या त्या मोठी हॅट घालून. फाटकातून आत पाय टाकताच त्यांनी पाहिलं: धुरात डोळे चोळत, मिशीला पीठ लावलेले, धोतर खोचून बसलेले सत्तरीचे उत्तमराव रोडगा थापतायत, शेजारी दोन्ही मुलगे, पलीकडं भाऊबंद वांगी चिरतायत, आणि साऱ्या बायका सावलीत, हसत-खिदळत, रिकाम्या.

बाईंनी छातीवर हात ठेवला. मधुवंतीच्या कानात त्या भराभर काही बोलल्या.

"त्या म्हणतायत," मधुवंती अवघडून म्हणाली, "की वीस देश फिरल्या, पण असं चित्र कुठेच पाहिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याला अजून अंडं उकडता येत नाही."

"शिकवू म्हना," उत्तमराव उदार झाले. "धाडा त्याले."

"हे किती दिवसांपासून चालू आहे, असं विचारतायत."

"पिढ्यानपिढ्या!" गोपाल पुढं झाला. "आमच्या आज्याच्या आज्यापासून."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लिंबाखालून वंदना म्हणाली, "धूर भल्ला लागून राह्यला बाईले."

मग फोटो सुरू झाले. थापताना, फुंकताना, फुंकून खोकताना. बाईंना उत्तमरावांची मिशी फार आवडली. उत्तमराव खूश. ही बाई म्हणजे नवी गाडी, असं गोपालनं त्यांना सांगून ठेवलं होतं. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी शिजवत असताना कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. शालूबाई पन्नास वर्षं त्यांना दोन वेळ रांधून घालत होत्या. टाळी एकही नव्हती. हे शालूबाईंनी सावलीतून पाहिलं आणि पानाला चुना लावला.

गर्दीतून वाट काढत मधुवंती पूनमपाशी आली. "चल ना. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मॅडम, पयला रोडगा निघून राह्यला. आता उठता येत नाई."

"मग कधी?"

"पंगती उठल्या का."

मधुवंतीनं पंगतींकडं पाहिलं. पंगती अजून बसल्याही नव्हत्या. तीन वाजून गेले होते. "पूनम, तुझं पोट आहे की पंचायत?"

"मॅडम, तुमी पुन्याच्या. तुमाले दोन्ही येगळे वाटते."

*

जाळातून पहिला रोडगा निघाला. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्चा. पण देवाच्या कामात चव पाहत नाहीत. उत्तमरावांनी तो धोतरानं झटकला, तुपात बुडवला, आणि मारोतीच्या ओट्यासमोर पाटावर बसलेल्या पूनमच्या ओटीत टाकला.

कोकिळानं शेजारणीला कोपरानं ढोसलं. इंग्रिडबाईंनी हात वर केला. ऊन आडवं आलं होतं. फोटो नीट आला नव्हता. रोडगा पुन्हा काढावा, पुन्हा टाकावा.

उत्तमरावांनी काढला, टाकला. आता नेमकी गोपालची पाठ मध्ये आली. पुन्हा.

"तीनदा पडला," वंदना म्हणाली. "मामाजी, आता काय तिघं घेता काय एकदम?"

बायका फिसकन हसल्या. पूनमच्या मांडीवर तूप उतरत होतं, चटके बसत होते आणि फाटकाशी गाडीचा ड्रायव्हर सामान बांधू लागला होता. तिनं गोविंदाकडं पाहिलं. गोविंदा रोडग्याकडं पाहत होता.

"त्या विचारतायत," मधुवंती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "की मानाचा रोडगा याच सूनबाईंना का? हा कसला मान?"

गोपाल घाईनं म्हणाला, "सांगा, स्त्रीसन्मान..."

पण उत्तमराव उमाळे देवासमोर खोटं बोलत नसत. "नवस आहे," ते अभिमानानं म्हणाले. "दोन पोरी झाल्या इच्यावाल्या. आता नातू पाह्यजे. म्हनून आमी सारे मानसं हात भाजून घेऊन राह्यलो."

मधुवंतीनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिला ते गोल करता आलं असतं. तिनं नाही केलं.

बाईंचा कॅमेरा हळूहळू खाली आला. त्यांनी पुरुषांकडं पाहिलं, पिठानं भरलेल्या मिशीकडं पाहिलं, पाटावरच्या पूनमकडं पाहिलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि एवढा वेळ पोटात ठेवलेलं बोलू लागल्या. आणि मधुवंती एकेक वाक्य मराठीत ठेवू लागली, जड भांडी उतरवून ठेवावी तसं.

"त्यांच्या देशात निवडणूक झाली. नवं सरकार आलं. त्यांनी ठरवलंय, की दुसऱ्या देशातल्या बायकांच्या दवाखान्यांना आता पैसे द्यायचे नाहीत. ही गाडी आज शेवटची आली. त्या फक्त निरोप घ्यायला आल्यात. आणि शेवटच्या अहवालासाठी फोटो घ्यायला."

चुलीवर वांग्यांची भाजी करपत होती. गोपालनं फ्लेक्सचा खांब धरला.

"म्हंजे नवी गाडी नाई?" उत्तमरावांनी विचारलं.

"जुनीसुद्धा नाही."

आणि मग उत्तमराव उठले. त्यांचं धोतर सुटलं होतं, मिशी पांढरी होती, हातात चिमटा होता; पण तरुणपणी त्यांनी कापसाच्या भावासाठी मलकापूरला रस्ता अडवला होता, तो आवाज अजून शाबूत होता.

"सांगा त्या बाईले! तुमी तुमच्या गावात कोनालेबी निवडून द्या, आमाले घेनं नाई. पन गाडी आमच्या बायायची आहे! बाप्पा, पोट कोनाचं? यायचं! कळा कोनाले? यायले! अन् तठी बसून एखादा बुढा ठरोते का गाडी बंद? जिच्या पोटाचा कारभार, तिले एक शब्द इचारलं काय? इचारलं काय, सांगा ना!"

भाऊबंदांनी माना डोलावल्या. "बराबर आहे! इचारा लागत होतं!" कुणी टाळी वाजवली. उत्तमरावांच्या कपाळाची शीर तटतटली होती आणि ते अगदी खरं बोलत होते. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं भाषण होतं.

"मामाजी," पाटावरून आवाज आला.

सुनेनं सासऱ्याला चारचौघांत हाक मारायची नसते. सगळे वळले.

"बराबर बोलले तुमी," पूनम म्हणाली. तिनं दोन्ही हात रोडग्यावर दाबून धरले. "तिकडच्या बुढ्याले मी ओळखत नाई. त्यानं नाई इचारलं. इकडच्यानं तरी मले इचारलं काय?"

उत्तमरावांचा चिमटा हवेतच राहिला.

"पोट माह्यं. कळा माह्या. अकोल्याच्या डॉक्टरनं तुमाले तोंडावर सांगतलं, का हे मरीन म्हनून. तुमी आईकलं, अन् नवस बोलले. मी दोन पोरीयची माय आहे, मामाजी. मले मराचं नाई." तिनं एक पाय पाटावरून खाली टेकवला.

"बस!" उत्तमराव गरजले. "बस खाली! हलू नोको! देव परत जाईन!"

"बस ना पूनम," गोपाल कळवळला. "पाहुने हायेत."

"बाबा," असा एक आवाज आला. तो गोविंदाचा होता. पण पुढं काही आलं नाही, कारण त्याच वेळी देव आला.

देवळाच्या पत्र्यावर सातपुड्यातून उतरलेली वानरं सकाळपासून बसली होती. रोजच्या दिवशी वाडीत त्यांना हाकलायचं काम बायकांचं. आज बायकांनी कशाला हात लावायचा नव्हता आणि पुरुषांचे हात कणकेत होते. त्यामुळं एक मोठा हुप्प्या कुणाची परवानगी न घेता खाली उतरला, पाटापर्यंत चालत आला, पूनमच्या ओटीत हात घातला, तुपातला रोडगा उचलला, आणि मारोतीच्या शेंदरी मूर्तीला वळसा घालून परत पत्र्यावर जाऊन बसला. तिथं त्यानं कोळसा झालेली बाजू खाऊन पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

"अरे मार त्याले! नेला बे! पयला रोडगा नेला!"

"गोफन आन!"

"कोनं नेला म्हनता?" शालूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या होत्या. सकाळपासून पहिल्यांदा. त्यांनी पान थुंकलं, पदर डोक्यावर घेतला आणि पत्र्याकडं बघून दोन्ही हात जोडले.

"मारोतीच्या देवळात, मारोतीच्या वारी, मारोतीचा रोडगा कोन नेईन? सोता आला. सोता घेऊन गेला. नवस फिटला."

"गोपालची माय, ते वानर आहे!" उत्तमराव ओरडले.

"मंग देव काय धोतर नेसून येनार होता?" शालूबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. अकोल्याच्या दवाखान्यात त्याच रात्रभर या पोरीचं अंग पुसत होत्या. ते पाणी किती वेळा बदललं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "देवानं ओटी मोकळी केली तुही. आता बसाचं कारन नाई. जाय, पोट दुखून राह्यलं ना तुह्यं? गाडी उभी आहे. जाय."

पूनम उठली. साडीवर तुपाचा मोठा डाग होता. ती सरळ फाटकाकडं चालू लागली, आणि मधुवंती तिच्यापुढं पळाली. मागून धपधप पाय वाजले. गोविंदा होता, कोपरापर्यंत कणीक घेऊन.

"तुमी कायले?"

"बाहेर उभा राह्यतो. नेहमीसारखा." मग तो फाटकाशी वळला आणि बापाला दिसेल असा दाराला पाठ लावून उभा राहिला. एवढंच. त्याच्यासाठी ते फार होतं.

*

गाडी शेवटची आहे हे एकदा सगळ्यांना समजल्यावर लिंबाखाली कोण बसणार? आधी एक उठली. मग तिची जाऊ. मग पलीकडच्या आळीतल्या, मग ज्या फक्त जेवायला आल्या होत्या त्या. बघता बघता फाटकापासून विहिरीपर्यंत बायकांची रांग लागली. कुणी सहा महिने अंगावर काढलेलं, कुणाची गाठ, कुणाची पाळी. बायकांनी बसायच्या आधीच मोडलेली पंगत पाहत पुरुष उभे राहिले. रोडगे भाजून निघत होते आणि खायला कुणी नव्हतं.

रांगेत सगळ्यात पुढं वंदना होती. गोपालनं ते पाहिलं आणि धावत आला.

"तू कायले उभी आहे अठी? तुले काय झालं?"

"अंग बाहेर येते माह्यं."

गोपालला कळायला वेळ लागला. मंडळाच्या पोस्टरवर 'गर्भाशय खाली सरकणे' म्हणून हे चित्रासकट छापलेलं होतं. पोस्टर त्यानंच लावलं होतं. "कधीपासून?"

"दीपक झाला तवापासून."

"वीस वर्सं? अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगनार होती," वंदना म्हणाली. "तुमी भाषन देऊन राह्यले होते."

दारू प्यायलेल्या माणसासारखा गोपाल दोन पावलं मागं सरकला आणि आपल्याच फ्लेक्सवर आदळला. फ्लेक्स त्याच्या अंगावर आला. तो उचलायला कुणी गेलं नाही. रांग सोडली तर नंबर जातो.

तिकडं उत्तमराव जाळाशी एकटे बसले होते. शालूबाई टोपलं घेऊन आल्या. "भरा."

"नवस फिटला असं मी म्हनलो नाई."

"नोका म्हनू. टोपलं भरा."

"तुवं डोकं फिरलं आहे. ते वानर होतं."

"हाव. अन् तुमी बरं बोलले आज. पोट कोनाचं, कळा कोनाले. पन्नास वर्सांत पयल्यांदा खरं बोलले. आता पलटू नोका, लोकायनं आईकलं."

उत्तमरावांनी रागानं टोपलं भरलं आणि रागानंच रांगेशी गेले. एकेका बाईच्या हातावर रोडगा ठेवत, वर तूप ओतत, पुटपुटत होते: "मतदान करते म्हने... इचारत नाईत... घे व, कच्चा आहे, तसाच खाय... निरोप घ्यायले आली म्हने..." कुणावर चिडलो आहोत, हे त्यांना आता नक्की सांगता आलं नसतं.

इंग्रिडबाईंनी ते पाहिलं. पांढऱ्या मिशीचा म्हातारा, रांगेतल्या बायकांना वाढतोय, मागं सातपुड्यावर उतरतं ऊन. त्यांनी सवयीनं कॅमेरा वर केला.

त्याच वेळी गाडीचं दार उघडलं. पूनम सावकाश उतरली, एक हात दाराला धरून. चेहरा पांढराफटक होता, पण ती ताठ उभी राहिली. झालं होतं. दहा वर्षं. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग रांगेकडं, मग कॅमेऱ्याकडं. ती चालत बाईंपाशी गेली आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तळवा ठेवला. तळव्याला अजून तूप होतं.

"फोटो नोको," ती म्हणाली. "गाडी धाडा."

मधुवंतीनं भाषांतर करायला तोंड उघडलं. बाईंनी मान हलवली, गरज नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. भल्या बाई होत्या त्या. पण कुणाचे डोळे भरले म्हणून गाडीत डिझेल भरत नाही.

चार वाजले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

"अजून एक तरी," मधुवंती त्याला म्हणाली. "या बाई तर पायरीवर आहेत."

"मॅडम, वेळेवर जमा नाही केली तर माझ्यावर येते. वरून पाहत असतात, गाडी कुठं आहे ते."

वंदनाचा एक पाय पायरीवर होता. तिनं तो खाली घेतला. दार लागलं. गाडी संत्र्यांच्या ओळीमधून गेली, इंग्रिडबाई पुढं बसल्या होत्या, मधुवंती मागच्या काचेतून मागं पाहत होती, आणि पत्र्यावरचा हुप्प्या उरलेला रोडगा हातात धरून धुळीकडं पाहत होता.

गाडी दिसेनाशी झाली तरी रांग तशीच उभी होती. पुढं दार नव्हतं, पायरी नव्हती. नुसती मोकळी जागा, आणि तिच्यासमोर हातावर रोडगा घेऊन उभ्या बायका. कुणी हलेना.

कोकिळाला राहवलं नाही. ती रांगेच्या कडेनं चालत आली, एकेक तोंड न्याहाळत, ओठांत मोजत. "काय व मावशी, इतक्या जनी! कोनाले काय झालं तरी काय? अन् पूनम मंघा कायले गेली होती आतमंधी?"

शालूबाईंनी टोपलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. सत्तरीकडं झुकलेली ती बाई सावकाश चालत रांगेच्या तोंडाशी गेली आणि वंदनाच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात जाचं आहे आमाले," त्या म्हणाल्या. "साऱ्या. अशाच. अन् न्याचं काम तुहं आहे."

"साऱ्या? बापा! पन मावशी, तुमी कायले? या वयात?"

"तुले गावात सांगाच लागते ना, कोन कोन गेलं ते?" शालूबाई म्हणाल्या. "मंग माह्यापासून सुरू कर."